भरतपूरच्या म्हशी

मराठी वाचकाला सूरजमल जाट आठवतो तो पानिपतामुळे. १७६१ च्या त्या संक्रांतीनंतर उपाशी, थंडीने काकडलेले, अंगावरच्या चिंध्यांनिशी दक्षिणेची वाट धरलेले मराठे त्याच्या मुलखात पोचले, तेव्हा त्याने त्यांना आसरा दिला, अन्नवस्त्र दिले. सदाशिवरावभाऊंशी त्याचे पटले नव्हते आणि लढाईपूर्वीच तो बाजूला झाला होता. तरीही दारी आलेल्या संकटग्रस्तांना त्याने माघारी लावले नाही. आपल्या इतिहासकारांनी ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवून ठेवली आहे. परंतु याच राजाने आणखी एक काम करून ठेवले, त्याची दखल मात्र आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडवणारा अजान बांध त्याने घातला आणि भरतपूर शहराच्या आग्नेयेला असलेल्या खोलगट जमिनीत दर पावसाळ्यात पाणी पसरू लागले.

मला सांगावयाची आहे ती या पाण्याची हकीकत. तिच्यातील मुख्य पात्रे राजेरजवाडे नव्हेत. एक माजलेले गवत, ते खाणाऱ्या म्हशी, म्हशींमागून येणारे गुराखी आणि हजारो मैलांवरून उडत येणारा एक पांढरा पक्षी, ही ती पात्रे. इतिहासात अशांना जागा मिळत नाही, कारण त्यांची दप्तरे नसतात. तथापि राखण कशास म्हणावे, हा प्रश्न या चौघांनी जितका स्पष्ट करून मांडला आहे, तितका एखाद्या लढाईनेही क्वचितच मांडला असेल.

या जागेचे नाव केवलादेव. आत महादेवाचे जुने देऊळ आहे, त्यावरून हे नाव पडले. आसपासचे लोक तिला ‘घना’ म्हणतात. घना म्हणजे दाट रान. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन तासांच्या चालीत संपेल एवढेच. पण तेवढ्यात उथळ तळी आहेत, कदंबाची राई आहे, बाभळी आहेत, खारवट माळ आहे, गवताळ पट्टे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर दरबाराने या नैसर्गिक सखल भागाची नीट आखणी केली. बांध घातले, पाट खोदले, जागोजाग पाण्याची दारे बसवली, आणि बदकांच्या शिकारीचे एक उत्तम रान तयार केले. १९०२ साली लॉर्ड कर्झन येथे शिकारीला आले. पुढे पाहुण्यांची रीघच लागली. देवळाजवळ एक शिळा आहे; तीवर कोणत्या दिवशी, कोणत्या पाहुण्याच्या मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी मारले त्याचा हिशेब कोरलेला आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. तो आकडा मी त्या शिळेवर वाचला, तेव्हा प्रथम राग आला. आणि मग मनात आले की, एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारूनही जे पाणी पुढील हिवाळ्यात पुन्हा पक्ष्यांनी भरून जात होते, त्या पाण्यात तेव्हा कोणती बरे सुस्थिती असावी? या प्रश्नाचे उत्तर शिळेवर नाही, कारण शिळेवर म्हशींचे नाव नाही.

घन्याभोवती वीसेक गावे आहेत. जाट, गुजर आणि इतर शेतकरी-गवळी जातींची ही गावे पिढ्यान्‌पिढ्या आपली गुरे आत सोडत. सरपणही तेथूनच येई. पावसाळ्यानंतर पाण्यात उतरलेली म्हैस दिवसभर बाहेर येत नसे. ती पाण्यातले गवत खाई, चिखल तुडवी, गवताच्या गाद्या मोडून वाट करी आणि संध्याकाळी घरी जाई. दिवसभरात पाण्यात पडलेल्या तिच्या शेणाने तळ्याला खत मिळे, त्यावर सूक्ष्म जीव वाढत, त्यांवर मासे आणि माशांवर पक्षी. दरबाराच्या काळात शिकारीच्या दिवसांत गुराख्यांना हाकलले जात असेल. पण त्यांची ये-जा कोणी कायमची थांबवली नाही. शिकारीसाठी मोकळे पाणी हवे होते, आणि ते मोकळे ठेवणारी फौज फुकटात मिळत होती.

स्वातंत्र्यानंतर घन्यावर पहिले संकट आले ते वेगळेच. हे पाणी काढून टाकावे आणि जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. अन्नधान्याच्या टंचाईचा तो काळ. मागणी करणारांना दोष देता येत नाही. त्या वेळी सलीम अली यांनी दिल्लीपर्यंत रदबदली करून ही जागा वाचवली. १९५६ मध्ये ती पक्षी-अभयारण्य झाली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला आणि भरतपूरचे नाव पक्षिशास्त्रात जगभर झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शिल्लक होता, तोही गेला. १९८१ साली घन्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली, त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, सभोवार दगडी भिंत उभी राहिली. आता बंदुका नव्हत्या, नांगर नव्हता. पक्ष्यांना अभय मिळाले, असेच कोणीही म्हटले असते.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की त्यात चराई चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे. निसर्ग म्हणजे माणसाचा आणि त्याच्या गुरांचा हात न लागलेली भूमी, ही कल्पना अमेरिकेत यलोस्टोन उद्यानाबरोबर १८७२ मध्ये प्रतिष्ठा पावली आणि शंभर वर्षांत जगभर पसरली. तिच्यामागे सद्हेतू होता आणि पुष्कळ ठिकाणी तिने भलेही केले आहे. जंगलात गुरे शिरली की रोपे तुडवली जातात, रोग पसरतात, वन्य प्राण्यांचा चारा संपतो, हे खोटे नाही. त्या समजुतीने १९८२ मध्ये म्हशींना घन्याचे दार बंद झाले.

गावकऱ्यांना पर्यायी चारा नव्हता, आणि पुरेशी पूर्वसूचनाही मिळाली नव्हती. नोव्हेंबरात जमाव आपली गुरे घेऊन आत शिरू लागला, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्ष्यांच्या अभयारण्याच्या दारात माणसे मेली. लिनलिथगोंच्या शिकारीचा आकडा दगडात कोरलेला आहे. या मेलेल्यांसाठी त्या शिळेशेजारी दगड उभा राहिलेला नाही. इतिहास लिहिणाराने ही दुसरी गोष्ट पहिलीच्या शेजारी मांडली पाहिजे, एवढेच मी म्हणेन.

म्हशी गेल्या. त्यानंतर जे घडले ते हळूहळू घडले, म्हणून प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. तळ्यांत एक गवत होते, पास्पालम डिस्टिकम या नावाचे. याचे मूळ अमेरिकेच्या उष्ण भागात मानतात. आज ते पृथ्वीच्या बहुतेक सर्व उष्ण देशांतील ओलसर जमिनींत आहे. वरकरणी हे गवत अगदी निरुपद्रवी, हरळीच्या मोठ्या बहिणीसारखे दिसते. पण त्याची वाढ विलक्षण आहे. चिखलात त्याच्या आडव्या मुळ्या पसरतात, पाण्यावर त्याचे धावते कोंब पसरतात, आणि कोंबाच्या प्रत्येक पेरातून नवी मुळे सुटतात. एक तुकडा तुटून वाहत गेला तर जेथे अडकेल तेथे नवा संसार थाटतो. काही हंगामांत त्याची अशी जाड गादी बनते की पाणी खाली आहे की नाही हे काठावरून कळू नये. आपल्याकडे जलपर्णीने झाकलेली नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र सहज उमगेल. फरक एवढाच की, जलपर्णीची फुले तरी जांभळी असतात. या गवताला तेवढीही शोभा नाही.

मोकळे पाणी आटत गेले, म्हणजे पाणी होते पण मोकळे नव्हते. बदकांना उतरावयास पृष्ठभाग हवा असतो. तो कमी झाला. गवताच्या गादीखाली उजेड पोचत नाही, मेलेले गवत कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे घटले. मासे घटले म्हणजे मासे खाणाऱ्या पक्ष्यांची पंगत मोडली. उन्हाळ्यात हेच वाळलेले गवत आगीला आयते सरपण झाले. व्यवस्थापनाने मग यंत्रे आणली. बुलडोझरने गवत खरवडून काढले, काही ठिकाणी जाळलेही. परंतु बुलडोझर म्हशीसारखा रोज येत नाही, आणि आला की गवताबरोबर तळाचा गाळही उपसून नेतो. आग लागली तर पक्षी उडून जातो. कासवाने काय करावे?

हे सर्व चालू असता बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ तेथे मुक्काम ठोकून होते. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे त्यांनी घन्याचे पाणी, वनस्पती, मासे, पक्षी यांची मोजदाद केली. योगायोग असा की, बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची अशी दोन्ही स्थिती त्यांच्या वह्यांत उतरली. सलीम अली १९८७ मध्ये निवर्तले. अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष त्यानंतर पुढे आला. तो निष्कर्ष असा की, म्हशींची चराई हा या पाणथळ जागेच्या घडणीचाच भाग होता, ती थांबल्याने पास्पालम माजले, आणि तळ्यांची प्रकृती सुधारावयाची तर मर्यादित चराई पुन्हा सुरू व्हावी. हा निवाडा गुराख्यांच्या वकिलाने दिलेला नव्हता. पक्ष्यांसाठीच झटणाऱ्या, शतकाहून अधिक जुन्या संस्थेने तो दिला होता. म्हणून त्याचे मोल अधिक.

आता त्या पांढऱ्या पक्ष्याकडे वळतो. सैबेरियातला हा क्रौंच सर्वांगी शुभ्र, चेहरा तेवढा तांबडा. उडताना पंखांची काळी टोके दिसतात. जहांगीराच्या दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले आहे, म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीही तो उत्तर हिंदुस्थानात येत होता आणि पाहणाराचे मन वेधून घेत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा भारतातला एकमेव भरवशाचा मुक्काम उरला तो भरतपूर. पश्चिम सैबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा सुमारे पाच हजार किलोमीटरांचा प्रवास करून तो येथे येई. जोडपे आणि त्यांचे एक पिल्लू, असा त्यांचा सुटसुटीत संसार. इतर क्रौंच शेतांतले धान्य टिपतात; हा मात्र हट्टी. याला उथळ पाणीच लागे. लांब चोच चिखलात खुपसून तो लव्हाळ्याचे कंद उकरून खाई. गवताच्या जाड गादीखाली हे कंद त्याच्या चोचीला दुर्मिळ झाले.

१९६० च्या दशकात या पक्ष्यांची गणती शंभराच्या वर होती. १९९२-९३ च्या हिवाळ्यात पाच आले. पुढच्या हिवाळ्यात एकही नाही. नंतर पुन्हा दोनचार दिसले, लोकांना आशा वाटली. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडपे आले, ते शेवटचे. ही जात पृथ्वीवरून नाहीशी झालेली नाही. पूर्व सैबेरियात तिची वीण होते आणि चीनमधील पोयांग सरोवराकाठी हजारो पक्षी हिवाळा काढतात. पण भारताची वाट ठाऊक असलेले कुळ संपले. क्रौंचाची वाट पिल्लू आईबापांबरोबर उडून शिकते. वाट दाखवणारे शेवटचे जोडपे गेले की ती विद्याच बुडते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. या कुळाचा अंत एकट्या गवताने केला, असे मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. वाटेतल्या देशांत त्यांची शिकार होत होती. अफगाणिस्तानातील युद्धाच्या वर्षांत तर आकाशातल्या पक्ष्याला कोण विचारतो? वाटेतली तळी आटत होती. पण म्हणूनच, ज्या एका ठिकाणी त्यांना बंदुकीचे भय नव्हते, त्या ठिकाणी तरी त्यांचे ताट झाकले जावयास नको होते.

घन्याच्या हकीकतीला पुढे आणखी एक वळण लागले. ज्याला राजस्थानात विलायती कीकर म्हणतात आणि आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडे वेडी बाभूळ, ते झाडही मूळचे अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकात ते हिंदुस्थानात आले. वाळवंट थोपवील, सरपण देईल, म्हणून त्याचे कौतुक झाले. जोधपूर दरबाराने १९४० मध्ये त्याला शाही वृक्षाचा मान दिला. हे शाही झाड घन्यातही शिरले. दुष्काळाच्या वर्षांत आणि गंभीर नदीवरील पांचना धरणामुळे खाली येणारे पाणी अडल्यावर तर त्याला रानच मोकळे मिळाले. घन्याला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते. काही वर्षी त्याचा अल्प अंशच मिळाला. कोरड्या पडलेल्या जमिनीत वेडी बाभूळ झपाट्याने पुढे सरकली, आणि कदंब, पिलू, बोर यांना तिने मागे रेटले.

आता गंमत पाहा. या झाडाच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात आणि शेणावाटे त्याचे बी दूरवर पेरतात. म्हणजे पाण्यातल्या गवताचा जो जनावरांचा कळप शत्रू, तोच माळावरच्या काट्याचा पेरणारा. जो म्हणेल की ‘म्हशी परत सोडा, सर्व ठीक होईल’, त्याने हेही लक्षात घ्यावे. कोणत्या महिन्यात, कोणत्या तळ्यात, किती जनावरे, आणि शेंगा पिकण्याच्या दिवसांत ती कोठे, एवढे ठरवल्यावाचून म्हैस हे औषध नव्हे. सारसाने घरटे बांधले असेल त्या काठावरून कळप नेता येणार नाही. औषधाला मात्रा असते.

वेडी बाभूळ काढण्याचे काम मात्र शहाणपणाने झाले. २००७ नंतरच्या काही वर्षांत उद्यानाने भोवतालच्या गावांनाच हाक दिली. झाड मुळासकट उपटावे आणि लाकूड घरी न्यावे, असा सरळ व्यवहार. मुळासकट का, तर नुसता बुंधा तोडला की त्याला चार नवे फुटवे येतात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावांवर गोळी चालली, त्याच गावांतील बायामाणसे कुदळी घेऊन आत आली. परवाना घेऊन गवत कापण्याचीही मुभा त्यांना मिळाली होती. डोक्यावर हिरवा भारा घेऊन फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एका म्हाताऱ्या गवळ्याने मला विचारले, “आम्ही भारा वाहून म्हशीला नेऊन देतो, म्हैस आपल्या पायांनी आत गेली असती तर काय बिघडले असते?” कायद्याचे कलम मला ठाऊक होते; पण त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. विळ्याने पाण्याच्या काठचे गवत निघते. गळ्याइतक्या पाण्यातली गादी मोडावयास म्हैसच लागते.

या साऱ्यातून मला एक गोष्ट दिसते. परके गवत माजले की आपण त्याला शत्रू ठरवतो आणि ते उपटावयास धावतो. दुर्मिळ पक्षी दिसला की त्याच्याभोवती भिंत बांधतो. दोन्ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे सोपवतो आणि दोन्ही निरनिराळ्या खात्यांतून चालतात. पण तळ्याला खाती नसतात. गवत आणि पक्षी यांच्यामध्ये कोण उभे आहे, आजवर गवताला कोणी आवरून धरले होते, हे आधी विचारावे लागते. तो कोणी बहुधा इतका साधा, इतका रोजचा असतो की नजरेत भरत नाही: चिखलाने माखलेली म्हैस, काठी घेतलेला पोरगा. त्याला आधी बाहेर काढले आणि दहा वर्षांचा अभ्यास नंतर पुरा झाला. क्रम उलटा असता, तर क्रौंच वाचलेच असते असे नाही. पण १९८२ च्या नोव्हेंबरात मेलेली माणसे वाचली असती, एवढे नक्की.

घना हे काही देवाने घडवलेले अस्पर्श अरण्य नव्हे. एका राजाने बांध घातला, दुसऱ्याने पाट काढले, गवळ्यांनी पाणी मोकळे राखले आणि त्या सर्वांच्या हातून झालेल्या पाण्यात पक्षी येऊन राहिले. मनुष्याने घडवलेली वस्तू मनुष्याने हात काढून घेतला की आपोआप पहिल्या स्थितीला जात नाही. ती जो सर्वांत दांडगा असेल त्याच्या ताब्यात जाते. आपल्याकडचे माळ, गायरान, गावतळी यांनाही हे लागू आहे. सोलापूरकडच्या ज्या माळांवर माळढोक वावरत असे, तेथेही केवळ झाडे लावली म्हणजे रक्षण झाले असे समजणे किती धोक्याचे होते, हे आता उघड झाले आहे. माळढोकाला आखूड गवत आणि लांब नजर हवी असते. त्याला सावली नको.

भरतपूरला आजही हिवाळ्यात पक्षी येतात. गोवर्धन नाल्याचे पाणी आणण्याची योजना झाली, १९८५ पासून जागतिक वारशाचा मानही घन्याला आहे. बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत भरते, काठावर सारसाची जोडी उभी असते, पाटाच्या दोहों बाजूंना दुर्बिणी लावून माणसे रांगेने उभी असतात. यांतले बहुतेक जण नकळत त्या मोकळ्या पाण्याच्या शोधात असतात, जेथे पक्षी स्वच्छ दिसावा. ते पाणी मोकळे कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कायद्यात त्यासाठी जागा करावी लागेल, गावांशी बोलावे लागेल, दर हंगामाला मोजमाप घ्यावे लागेल, आणि गेल्या वर्षी बरोबर ठरलेली गोष्ट यंदा बदलण्याची तयारी ठेवावी लागेल. हे काम भिंत बांधण्याहून पुष्कळ किचकट आहे, आणि ते कधीच संपत नाही. पण राखण म्हणतात ती यालाच. शेतकरी पीक राखतो तेव्हा तो कुंपण घालून घरी झोपत नाही. तो रोज बांधावर जातो.